लहान टाकीलाच झाडे हवीत

शोभेच्या माशांच्या दुकानात नवख्या गिऱ्हाइकाला मिळणारा सल्ला साधारण ठरलेला असतो. सुरुवातीला टाकी लहान घ्या, खाली निळी-गुलाबी खडी पसरा, प्लॅस्टिकची दोन झाडे रोवा, बुडबुडे सोडणारी खजिन्याची पेटी ठेवा. खरी झाडे, लाकूड या भानगडी मोठी टाकी घेतल्यावर बघू. सल्ला देणाऱ्याच्या मनात काही वाईट नसते. झाडे ही हौसेची पुढची पायरी आहे, असे तोही मानत असतो आणि गिऱ्हाईकही. पण पाण्यात नेमके काय घडते ते पाहिले, तर हा क्रम उलटा निघतो. मोठ्या टाकीचे झाडांवाचून निभावते, कारण तिथे पाणीच भरपूर असते. ज्या टाकीत पाणी कमी, तिलाच झाडांचा आधार जास्त लागतो. लाकूड आणि सोपी, काटक झाडे ही छोट्या टाकीची सजावट नसून तिच्या सांडपाण्याची व्यवस्था आहे, असे म्हटले तर ते फारसे चुकीचे ठरणार नाही.

आधी पाण्याचा हिशेब पाहू. दीड फूट लांब, दहा इंच रुंद आणि एक फूट उंच टाकीत काठोकाठ ३५ लिटर पाणी मावते. खडीची जागा आणि वर सोडलेली मोकळी पट्टी वजा केली, की हातात तिशीच्या आतबाहेरच लिटर उरतात. तीन फूट लांब, सव्वा फूट रुंद, दीड फूट उंच टाकीत काठोकाठचा आकडा १५० च्या पुढे जातो. मासे श्वासाबरोबर कल्ल्यांतून सतत अमोनिया बाहेर टाकत असतात. न खाल्लेले दाणे आणि विष्ठा कुजूनही अमोनियाच तयार होतो. एखाद्या पाहुण्याने कौतुकाने चिमूटभर दाणे जास्त टाकले, तर मोठ्या टाकीत ते खपून जाते. लहान टाकीत त्याच चुकीची तीव्रता साधारण साडेचारपट होते. त्यात आपल्याकडचा उन्हाळा. पाण्यातला सगळा अमोनिया सारखाच विषारी नसतो. त्याचा बराचसा भाग अमोनियम या तुलनेने निरुपद्रवी रूपात असतो आणि विषारी रूपाचे प्रमाण पीएच आणि तापमान यांवर ठरते. पीएच ७ आणि तापमान २५ अंश असेल, तर विषारी भाग एक टक्क्याहूनही कमी असतो. पीएच ८ झाला की तोच पाच टक्क्यांवर जातो, आणि तापमान तिशीला पोचले की आणखी वाढतो. बोअरवेलचे पाणी वापरणाऱ्या घरात मे महिन्यात मासे अचानक का मरतात, याचे उत्तर अनेकदा एवढ्या दोन-तीन आकड्यांत असते. ‘मासा लाभला नाही’ असे म्हणून आपण मोकळे होतो.

हा अमोनिया निस्तरण्याचे दोन मार्ग आहेत. पहिला मार्ग जिवाणूंचा. काही जिवाणू अमोनियाचे नायट्राइट करतात, काही नायट्राइटचे नायट्रेट. नायट्राइटही घातकच, कारण ते माशाच्या रक्ताची प्राणवायू वाहण्याची ताकद काढून घेते. नायट्रेट मात्र बऱ्याच प्रमाणात सोसले जाते. फिल्टरमधला स्पंज खरे तर याच जिवाणूंचे घर असतो. अडचण अशी, की नव्या टाकीत ही वस्ती जमायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात, आणि मासे तर आपण पहिल्याच रविवारी आणलेले असतात. दुसरा मार्ग झाडांचा. पाण्यातली बहुतेक झाडे नायट्रोजन घेताना नायट्रेटपेक्षा अमोनियमला पसंती देतात, कारण नायट्रेट वापरण्यासाठी आधी त्याचे रूपांतर करण्यात त्यांची ऊर्जा खर्च होते. अमेरिकेतल्या डायना वॉलस्टॅड यांनी १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या पुस्तकात या मुद्द्यावर बराच भर दिला. वाढते झाड अमोनिया थेट गिळते, नायट्राइटचा मधला धोक्याचा टप्पा येऊच देत नाही, आणि हे काम ते टाकीत रुजल्यापासूनच सुरू करते.

झाडे आणि मासे यांची जोडी ही काही आजकालची कल्पना नाही. लंडनचे रसायनतज्ज्ञ रॉबर्ट वॉरिंग्टन यांनी १८५० मध्ये केमिकल सोसायटीपुढे एक निबंध वाचला. सुमारे १२ गॅलन पाणी मावेल अशा, म्हणजे आपल्याकडच्या दोन फुटी टाकीएवढ्या काचेच्या भांड्यात त्यांनी दोन लहान गोल्डफिश आणि व्हॅलिस्नेरियाचे एक रोप ठेवले होते. मासे जगले, पण झाडाची जुनी पाने सडून पाणी गढूळ होऊ लागले आणि काचेवर हिरवे बुळबुळीत थर चढले. तेव्हा त्यांनी तळ्यातल्या पाच-सहा गोगलगायी आणून सोडल्या. गोगलगायींनी सडलेली पाने फस्त केली आणि पाणी निवळले. झाड प्राणवायू देते, मासा कार्बन डायऑक्साइड देतो, आणि दोघांचा हिशेब जुळतो, असे वॉरिंग्टन यांचे स्पष्टीकरण होते. ते अपुरे होते. झाडाचे मोठे उपकार प्राणवायूत नव्हते, ते माशांची घाण पचवण्यात होते. पण हे कळायला नायट्रोजनचे चक्र उलगडावे लागणार होते. गंमत अशी, की त्या कामात पुढे ज्यांचा वाटा राहिला त्यांत याच वॉरिंग्टन यांचे चिरंजीव होते. नावही तेच, रॉबर्ट. रोथॅमस्टेडच्या शेती प्रयोगशाळेत काम करताना अमोनियाचे नायट्रेट होणे दोन वेगवेगळ्या सूक्ष्मजीवांकडून दोन टप्प्यांत घडते, हे त्यांनी दाखवून दिले. ते जीव वेगळे काढण्यात यश आले १८९० च्या सुमारास, रशियन शास्त्रज्ञ सर्गेई विनोग्राडस्की यांना. बापाने टाकीत पाहिलेल्या गोष्टीचे खरे कारण मुलगा शेतातल्या मातीत शोधत होता, आणि दोन्हींचा संबंध मत्स्यपालनाच्या छंदात रुळायला पुढे कित्येक वर्षे गेली.

आता लाकूड. इथे थोडा हात आखडता घेऊन बोलले पाहिजे, कारण लाकडाच्या गुणांच्या बऱ्याच कथा फुगवलेल्या असतात. लाकूड अमोनिया शोषत नाही. उलट टाकीतली जागा व्यापून ते दोन-अडीच लिटर पाणी कमीच करते. त्यातून टॅनिन आणि ह्युमिक द्रव्ये झिरपतात आणि त्यामुळे पाणी आम्लाकडे झुकते हे खरे, पण केवढे झुकते हे पाण्यावर ठरते. मुंबईचे तलावांतून येणारे पाणी मृदू असते, तिथे थोडाफार फरक दिसू शकतो. दख्खनच्या पठारावरच्या बोअरवेलच्या जड पाण्यात मात्र विरघळलेले क्षार हे आम्ल जागच्या जागी मारून टाकतात. तिथे लाकूड टाकून पीएच उतरेल या आशेवर राहू नये. मग लाकूड हवे कशाला? एक तर त्याच्या खरबरीत, भेगाळलेल्या पृष्ठभागावर जिवाणू आणि सूक्ष्मजीवांचा पातळ थर धरतो आणि लहान मासे, पिल्ले, झिंगे त्यावर दिवसभर चरत राहतात. दुसरे म्हणजे आडोसा. उघड्या काचपेटीत दुबळ्या माशाला पाठलाग करणाऱ्यापासून लपायला जागा नसते. लाकडामुळे नजरेची रेघ तुटते. पण सगळ्यात मोठा उपयोग म्हणजे ते झाडांचे बूड होते. सर्वांत चिवट जलवनस्पतींना मातीच लागत नाही, धरायला काहीतरी टणक लागते. टाकीत खत-माती न घालता झाडे लावायची, तर लाकडासारखे सोयीचे काही नाही. टाकी धुवायची वेळ आली, तर सगळी बाग एका हाताने उचलून बादलीत ठेवता येते.

लाकूड निवडताना नियम साधा: पूर्ण वाळलेले, साल निघालेले, जड आणि टणक. ओल्या फांद्या, चीक किंवा राळ असलेली लाकडे, प्लायवूड, रंग किंवा वाळवीचे औषध लावलेले तुकडे चालत नाहीत. समुद्रकिनाऱ्यावर वाहून आलेले ओंडके दिसायला सुंदर असतात, पण त्यांत मीठ मुरलेले असते. दुकानांत ‘ड्रिफ्टवूड’ म्हणून मिळणारे तुकडे बहुधा मुळांच्या गाठी असतात आणि ते बरे पडतात. घरी आणल्यावर साबण न लावता ब्रशने घासायचे, मोठ्या पातेल्यात तास-दोन तास उकळायचे आणि मग आठ-पंधरा दिवस बादलीत भिजत ठेवून पाणी बदलत राहायचे. पहिल्या उकळीला पाणी कोऱ्या चहाच्या रंगाचे होते. रोज तो रंग फिका होत जातो. लाकूड तरंगते म्हणून पुष्कळजण वैतागतात. वास्तविक लाकडाच्या पेशींच्या भिंती पाण्यापेक्षा जवळजवळ दीडपट जड असतात. तरंगते ती आतल्या पोकळ्यांतली हवा. पाणी आत शिरून ती हवा बाहेर पडली, की लाकूड आपोआप तळाला बसते. घाई असेल तर खाली दगड बांधावा, पण शहाबादी किंवा कडप्प्याचा तुकडा नको. दोन्ही चुनखडीच्या जातीचे आहेत आणि पाण्याचा जडपणा वाढवतात. आपला नेहमीचा काळा पत्थर, म्हणजे बेसाल्ट, उत्तम. शंका असेल तर दगडावर लिंबाचा थेंब पिळून पाहावा. फसफसला तर तो टाकीबाहेर.

टाकीत ठेवल्यावर काही दिवसांतच लाकडावर पांढरट, जेलीसारखा बुळबुळीत थर येतो आणि नवखा मालक हादरतो. लाकडातली सहज विरघळणारी शर्करा खाणाऱ्या बुरशीचा आणि जिवाणूंचा तो थर असतो, माशांना त्याचा उपद्रव नाही, आणि काही आठवड्यांत तो खाऊन-संपून जातो. पाण्याच्या तांबूस छटेचेही तेच. ॲमेझॉनच्या खोऱ्यातली रिओ निग्रो नदी टॅनिनमुळेच काळपट दिसते आणि कार्डिनल टेट्रा हे लाल-निळ्या पट्ट्यांचे मासे तिच्याच पाण्यातले. फायटर या नावाने आपल्याकडे विकल्या जाणाऱ्या बेटा माशासाठी तर जगभरचे हौशी लोक मुद्दाम बदामाची पाने विकत घेऊन पाण्यात घालतात. हा बदाम म्हणजे मुंबई-कोकणात रस्तोरस्ती उभा असलेला देशी बदाम. गळण्याआधी तांबडीलाल होणारी त्याची पाने आपण झाडून पेटवतो. ज्याला पाणी आरशासारखेच हवे, त्याने लाकूड जास्त दिवस भिजवावे, फिल्टरमध्ये थोडा सक्रिय कोळसा ठेवावा, रंग उतरतो. पण रंगीत पाणी म्हणजे घाण पाणी नव्हे, एवढे ध्यानात असू द्यावे. नितळ दिसणाऱ्या पाण्यातही अमोनिया असू शकतो, कारण त्याला रंगच नसतो.

झाडांमध्ये लाकडावर वाढणारी तीन नावे पुरेत: ॲन्युबियास, जावा फर्न आणि जावा मॉस. ॲन्युबियास पश्चिम आफ्रिकेतले, जाड चिवट पानांचे, सावलीत सुखी. त्याला मुळांच्या वर एक आडवे, हिरवे, जाडसर खोड असते. ते खडीत पुरले की कुजते. बहुतेक ॲन्युबियास मरतात ते याच अतिप्रेमामुळे. खोड लाकडावर ठेवून काळ्या सुती दोऱ्याने दोन-तीन वेढे द्यायचे, गाठ मारायची. महिन्या-दोन महिन्यांत मुळे लाकूड धरतात आणि तोवर दोरा कुजून सुटायला आलेला असतो. फेव्हिक्विकच्या जातीचा सायनोॲक्रिलेट गोंदही चालतो, पाण्यात तो लगेच घट्ट होतो. जावा फर्नचेही तसेच. त्याच्या पानाच्या पाठीवर काळे ठिपके ओळीने उमटतात, ते पाहून लोक पाने कापून टाकतात. ती कीड नसते, ती नेचाची बीजाणू धरणारी जागा असते. जुन्या पानांच्या टोकाला तर अख्खी नवी रोपे फुटतात.

इथे माझ्याच म्हणण्यातली एक अडचण पुढे येते आणि ती टाळून चालणार नाही. ही झाडे सोपी आहेत कारण ती संथ आहेत. ॲन्युबियासला नवे पान फुटायला तीन-चार आठवडे लागतात. जे झाड इतके हळू वाढते, ते अमोनिया तरी किती खाणार? म्हणून नुसते ॲन्युबियास बांधून टाकी सुरक्षित झाली असे समजणे म्हणजे फसगत. जोडीला एखादे अधाशी झाड हवेच. हॉर्नवर्ट किंवा हायड्रिला नुसते पाण्यात सोडले तरी वाढतात. शाळेत उलट्या नरसाळ्याखाली ठेवून प्राणवायूचे बुडबुडे मोजायला लावतात, तोच हा हायड्रिला. मागच्या बाजूला वॉरिंग्टन यांचे व्हॅलिस्नेरिया खडीत लावता येते. ओल्या बांधांवर वाढणारी आपली ब्राह्मीही पाण्याखाली तग धरते आणि दुकानांत ती बकोपा या नावाने मिळते. सगळ्यांत सोपा उपाय मात्र घरातच असतो: बाटलीतल्या मनी प्लांटची एक फांदी, मुळे पाण्यात आणि पाने टाकीबाहेर. पाण्यात कार्बन डायऑक्साइड हवेपेक्षा सुमारे दहा हजार पट हळू पसरतो; पाण्याखालच्या झाडांची वाढ अडते ती बहुतेक वेळा इथेच. पाने हवेत असलेल्या मनी प्लांटला ही अडचणच नाही, त्यामुळे तो नायट्रोजन भराभर ओढतो. दिसायला तो देखणा वाटत नाही असे कुणी म्हणेल. म्हणू दे.

सर्वांत जास्त ऐकू येणारा आक्षेप प्राणवायूचा: रात्री झाडेच प्राणवायू घेतात, मग मासे गुदमरणार नाहीत का? रात्री झाडे श्वसन करतात हे बरोबर आहे. पण टाकीतला प्राणवायू मुख्यतः पृष्ठभागावरून हवेतून येतो, आणि माफक झाडे असलेल्या टाकीत फिल्टरने पाणी हलते ठेवले तर रात्रीची तूट भरून निघते. गुदमरण्याचे खरे कारण वेगळे आहे. २५ अंशाला पाण्यात लिटरमागे साधारण ८.२ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, ३० अंशाला ७.५ च्या आसपास. पाणी तापले की तो कमी मावतो आणि माशांना मात्र जास्त लागतो. मासे पहाटे वर येऊन तोंड उघडत असतील, तर आधी त्यांची संख्या मोजावी, मग झाडांकडे बोट दाखवावे. दुसरा आक्षेप म्हणजे ‘आमच्याकडे झाडे जगत नाहीत.’ विकली जाणारी बरीच झाडे रोपवाटिकेत पाण्याबाहेर, दमट हवेत वाढवलेली असतात. पाण्यात बुडवल्यावर त्यांची जुनी पाने गळतात आणि पाण्याला योग्य अशी नवी फुटतात. पहिल्या पंधरवड्यातली ही पडझड मरण समजून लोक झाड उपटून फेकतात. खोड टणक असेल तर थांबावे, पिवळी पाने तेवढी काढून घ्यावीत. दिवा सहा ते आठ तास पुरे, आणि टाकी खिडकीतल्या उन्हात ठेवू नये. काचेवर आणि ॲन्युबियासच्या पानांवर शेवाळ माजते ते झाडांमुळे नव्हे, फाजील प्रकाश आणि फाजील दाण्यांमुळे. झाडांबरोबर बारीक गोगलगायी येतात हे खरे. त्यांची पलटण वाढली, तर तो दाणे जास्त पडत असल्याचा निरोप समजावा.

प्लॅस्टिकच्या झाडांची बाजूही ऐकून घ्यायला हवी. त्यांच्यावरही जिवाणूंचा थर धरतो, आडोसाही मिळतो. पण ती अमोनिया खात नाहीत, आणि कडक कडांनी फायटरचे लांब पर फाटतात. महागड्या जपानी धर्तीच्या टाक्या पाहून काहींची अशी समजूत होते, की झाडे म्हणजे कार्बन डायऑक्साइडचे सिलिंडर, प्रखर दिवे आणि रोजची छाटणी. ताकाशी अमानो यांनी उभी केलेली ती कला थोर खरीच, पण वर सांगितलेल्या झाडांना त्यातले काहीही लागत नाही. उलट टोकाला जाऊन, झाडे आहेत म्हणून फिल्टर नको, पाणी बदलणे नको, असे म्हणणारेही भेटतात. तिशीच्या लिटरांत तेवढा भरवसा ठेवू नये. स्पंज फिल्टर चालू असावा, आठवड्याला पाव भाग पाणी अँटीक्लोरीन टाकून बदलावे. त्या टाकीत एक फायटर किंवा सहा-आठ लहान मासे, एवढीच लोकसंख्या. गप्पी घ्यायचे तर नुसते नर घ्यावेत. जोडी आणली तर ती जोडी राहत नाही. गोल्डफिश आणि काच साफ करतो म्हणून गळ्यात मारला जाणारा सकर यांना तर ही जागा मुळीच नाही, सकर फूटभर आणि त्याहून मोठा होतो.

सकरवरून आठवण होते ती सगळ्यांत वजनदार आक्षेपाची, आणि तो टाकीबाहेरचा आहे. वाढलेले मासे आणि वाढलेली झाडे माणसे जवळच्या तळ्यात नाहीतर नदीत सोडतात. उजनीच्या जलाशयात आज हे सकर मच्छीमारांची जाळी फाडताहेत. पवना, इंद्रायणी, मुळा-मुठा झाकून टाकणारी जलपर्णी दक्षिण अमेरिकेतली, आणि भारतात ती शोभेसाठीच आणली गेली. आपला साधासुधा हायड्रिलाही १९५० च्या दशकात शोभिवंत माशांच्या व्यापारातून फ्लोरिडात पोचला आणि तिथल्या तळ्यांची जलपर्णी होऊन बसला. झाड जितके सोपे, तितके ते बाहेर पडल्यावर अनावर, हे गणित कुठल्याच देशात बदललेले नाही. म्हणून छाटलेला हॉर्नवर्ट असो की ॲन्युबियासची जुनी पाने, गच्चीवर कडकडीत वाळवूनच ती कुंडीच्या मातीत मिसळावीत, आणि दर आठवड्याला काढलेले नायट्रेटभरले पाणीही गटारात किंवा ओढ्यात न सोडता त्याच कुंड्यांना घालावे.